ताडपत्रीखालची माझदा

पत्र थोडक्यात असं:

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी राहणारे हे वाचक ६१ वर्षांचे आहेत. मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. २००७ साली त्यांनी माझदा एमएक्स-५ ही दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतली. मॉडेल २००० सालचं, इंजिन १.८ लिटरचं, ८८ हजार मैल झालेले. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते. यंदा तीत गाडी नापास झाली. दाराखालच्या पट्ट्या आणि पुढच्या चासीच्या दांड्या गंजाने पोखरल्या आहेत. गॅरेजवाल्याने वेल्डिंगचे २,६०० पौंड सांगितले, फाटका टप बदलायचे ६०० वेगळे. एवढं करून गाडीची बाजारात किंमत होईल अडीच-तीन हजार. आहे तशी उचलायला एक जण ५०० पौंड देतो आहे. गेल्या चार वर्षांत क्लच, रेडिएटर, सस्पेन्शन मिळून सुमारे ४,००० पौंड आधीच घातले आहेत. पत्नी म्हणतात, "दारातून ती झाकलेली वस्तू हलवा." मँचेस्टरला असलेला मुलगा म्हणतो, "ठेवा ना बाबा." एक मित्र म्हणतो, थांबा, क्लासिक होईल, भाव चढेल. गाडी दारातल्या झाडाखाली ताडपत्री पांघरून उभी आहे, कारण गॅरेजमध्ये खोकी, ट्रेडमिल आणि याच गाडीचा हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारं टणक छप्पर, आहे. पूर्वी ते दर रविवारी चिल्टर्नच्या टेकड्यांत चक्कर मारून यायचे. हल्ली जमत नाही, "गुडघेही कुरकुरतात". निवृत्तीनंतर गाडी पुण्याला नेता येईल का, असंही विचारलं आहे. शेवट असा: "किमतीपेक्षा जास्त पैसे दुरुस्तीत घालणं मूर्खपणाचं आहे, हे माझ्यासारख्या इंजिनिअरला कळतं. पण विकायचा फोन करायला हात धजत नाही. काय करू?"

नमस्कार,

सगळ्यात सोपा प्रश्न आधी निकालात काढते. गाडी पुण्याला नेता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही, आणि तुमची तर पंचविशी उलटलेली आहे. तेव्हा कर्वे रोडवरून टप उघडून जाण्याचं चित्र मनात असेल तर ते काढून टाका. कर्वे रोडची आजची अवस्था पाहता फार काही गमावलं असंही नाही.

आता तो "मूर्खपणा". किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडली की गाडी सोडून द्यायची, हा नियम इन्शुरन्स कंपनीसाठी ठीक आहे. तिला गाडी चालवायची नसते, फक्त हिशेब मिटवायचा असतो. तुम्ही मात्र बाजारभाव आणि बिल शेजारी मांडून बसला आहात. खरं तर बिलाशेजारी मांडायला हवं ते हे, की ही गाडी नसेल तर तुम्ही काय करणार? विकून पुन्हा अशीच एक जुनी एमएक्स-५ घेणार असाल तर तीन हजारांत तुम्हाला दुसऱ्याच्या गंजाची गाडी मिळेल. तुमच्या गाडीतला गंज निदान कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे, क्लच आणि सस्पेन्शन नवं आहे हेही माहीत आहे. या तुलनेत ३,२०० पौंड अजिबात वेडेपणाचे नाहीत. पण विकून दुसरी घेणारच नसाल, मोकळी जागा आणि शिलकीतले पैसे एवढंच हवं असेल, तर हिशेब पार बदलतो. तुमच्या पत्रातून यातलं कुठलं ते मला कळलं नाही. बहुधा तुम्हालाही ते ठरवता आलेलं नाही, म्हणून बाजारभाव मध्ये आणलात.

गेल्या चार वर्षांतले ४,००० पौंड या हिशेबात धरू नका. "इतके घातलेच आहेत, तर आता..." हे वाक्य मनात येईल तेव्हा ते तिथेच थांबवा. क्लच नवा आहे याचा फायदा धरा, त्याची पावती मात्र फाइलमध्येच राहू द्या. गाडी विकताना ती फाइल उपयोगी पडेल, ठरवताना नको.

आता एक काम सांगते, पाच मिनिटांचं आहे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की तिच्या आजवरच्या एमओटी फुकट दिसतात. प्रत्येक तपासणीच्या दिवशीचे मैल तिथे नोंदलेले असतात. गेल्या पाच-सहा वर्षांचे आकडे कागदावर उतरवा आणि वजाबाक्या करा. मैल म्हणजे चांगल्या हवेतल्या रविवारच्या आठवणी नाहीत, हा तुमच्या वापराचा सरकारी पुरावा आहे.

समजा दुरुस्तीनंतर गाडी पाच वर्षं चालली. ३,२०० चे वर्षाला ६४० पडले. रोड टॅक्स, इन्शुरन्स, एमओटी आणि किरकोळ सर्व्हिसिंग धरून आणखी आठशे. म्हणजे पेट्रोल सोडून वर्षाला साधारण १,४५० पौंड. वर्षाला अडीच हजार मैल फिरत असाल तर मैलाला ५८ पेन्स पडतात, आणि आवडत्या गोष्टीसाठी हे मुळीच जास्त नाहीत. लोक गोल्फ क्लबात याहून जास्त घालवतात आणि वर चिडून घरी येतात. पण वजाबाकीचं उत्तर ३०० आलं तर मैलाला पावणेपाच पौंडांच्या वर पडतात. एवढ्यात टॅक्सी परवडते, आणि टॅक्सीवाल्याच्या गाडीत गुडघेही वाकवावे लागत नाहीत.

गुडघ्यांवरून आठवलं. तुमचं पत्र मोठं आहे. गंजावर दीड पान आहे, गॅरेजवाल्याच्या इस्टिमेटवर एक पान आहे आणि गुडघ्यांवर अर्धं वाक्य. मला वाटतं ते अर्धं वाक्यच जास्त महत्त्वाचं आहे. एमएक्स-५ मध्ये बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं, आणि उठताना दाराचा आधार घ्यायचा. आणखी एक गोष्ट सांगू? तुमच्या पत्रात गाडी चालवण्याची सगळी वाक्यं भूतकाळातली आहेत. पुढच्या मे महिन्यात इथे जाईन, अमक्याला घेऊन तिकडे जाईन, असं एकही वाक्य नाही. म्हणून माझा कल, खरं सांगायचं तर, विकण्याकडे आहे. पण तो कल आहे, निकाल नाही, आणि मला खोटं पाडायचा एक स्वस्त उपाय तुमच्याकडे आहे.

एका वीकेंडसाठी अशीच एखादी दोन सीटांची उघडी गाडी भाड्याने घ्या. वेल्डरने सांगितलेल्या रकमेच्या एका कोपऱ्यात हे होतं. शनिवारी सकाळी निघा, हेन्लीवरून चिल्टर्नच्या नेहमीच्या रस्त्याला लागा, वाटेत तीनदा तरी उतरा आणि चढा. परत आल्यावर रविवारीही जावंसं वाटलं तर दुरुस्त करा, माझं काही ऐकू नका. शनिवारी संध्याकाळी "झालं, छान होतं" असं वाटलं, तर तेही उत्तरच आहे. तुम्हाला गाडी चालवायला आवडतं, की गाडी चालवणारा माणूस असणं आवडतं, हे घरात बसून कधीच कळणार नाही.

दुरुस्त करायचं ठरलं तर पुढचं नीट वाचा, कारण इथे पैसे वाया जाण्याच्या वाटा बऱ्याच आहेत.

या गाडीचं इंजिन दणकट असतं. ती मरते पत्र्याने. टपावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली वाहून जायला हवं. त्या नळ्यांत पाला अडकला की पाणी दाराखालच्या पट्टीत, ज्याला तिथले मेकॅनिक सिल म्हणतात, तिच्या पोटात साठतं आणि पत्रा आतून सडत येतो. तुमची गाडी झाडाखाली उभी असते. आता सिल का गेले ते मी सांगायला नको. पुढच्या चासीच्या दांड्यांचं दुखणं या दुसऱ्या पिढीच्या मॉडेलला ठरलेलं आहे. तिथे पत्रा दुहेरी आहे. दोन पत्र्यांच्या फटीत चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी शिरतं, आणि बाहेरून रंग शाबूत असताना आतला पत्रा भुगा होतो. म्हणून अशा कामात पहिलं इस्टिमेट हा अंदाजच असतो, आणि कापायला घेतलं की तो सहसा वरच जातो.

नेहमीच्या गॅरेजऐवजी याच मॉडेलवर रोज काम करणाऱ्याला गाडी दाखवा. ब्रिटनमध्ये असे बरेच आहेत, आणि मालकांच्या क्लबातले लोक नावं सांगायला उत्सुक असतात. सिल आणि चासीच्या दांड्यांचे तयार तुकडे मिळतात, त्यामुळे त्याला ते हाताने ठोकून बनवावे लागत नाहीत. त्याला थेट विचारा: गंजलेला भाग कापून काढणार, की वरून पट्टी मारणार? वरून पट्टी मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं आहे. एमओटी पास होईल, दोन वर्षांनी तेच दुखणं दुप्पट बिलाने परत येईल. कापल्यावर, बंद करण्याआधी फोटो पाठवायला सांगा. वेल्डिंगनंतर पोकळ भागात आतून मेण फवारणं कामातच धरलं आहे का, तेही विचारा. आणि वरची मर्यादा लेखी द्या: समजा ३,००० पौंड, त्यापुढे एक पौंडही फोन केल्याशिवाय नाही. ती मर्यादा आज, ताडपत्रीसमोर उभं राहून ठरवा. गाडी अर्धी कापलेली असताना ठरवायला गेलात तर तुम्ही हो म्हणाल, सगळेच म्हणतात.

टप फाटकाच ठेवून वेल्डिंग करू नका. पाणी तिथूनच येतं.

आणि गॅरेज रिकामं करा. हे काम वेल्डरकडे जायच्या आधीचं आहे. ट्रेडमिल कोण वापरतं, खोक्यांत काय आहे, हे पत्नीशी बसून बोला. एखादा शनिवार त्यात जाईल. गॅरेज रिकामं होऊ शकत नसेल आणि दुरुस्त झालेली गाडी पुन्हा झाडाखालीच उभी राहणार असेल, तर ३,२०० पौंड घालू नका, सरळ विका. गॅरेजमध्येही हवा खेळती हवी, दमट बंद खोलीत गाडी बाहेरच्यापेक्षा लवकर सडू शकते. ती ताडपत्री तर आजच काढा. प्लॅस्टिकखाली घाम धरतो आणि वाऱ्याने रंग घासला जातो. झाकायचीच असेल तर हवा जाणारं कव्हर मिळतं.

तुमच्या पत्नी गाडीच्या विरोधात आहेत, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते तितकं पटलं नाही. त्यांचं जे एक वाक्य तुम्ही दिलंत, ते "दारातून ती झाकलेली वस्तू हलवा" असं आहे. यात गाडीचा राग कुठे आहे? राग वस्तूचा आहे. दर रविवारी धुतलेली, चालणारी गाडी दारात असती तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे त्यांनाच विचारा. फोनवर नको, गाडीत बसूनही नको. चहा घेताना विचारा, आणि ऐकताना इंजिनिअर होऊ नका.

मुलाचं "ठेवा ना बाबा" गोड आहे, पण फुकट आहे. तो या गाडीत ड्रायव्हिंग शिकला, त्याचं बालपण तिच्यात आहे, हे सगळं मान्य. त्याला एकदा सरळ विचारा की तुला हवी आहे का: किल्ली, इन्शुरन्स, टॅक्स आणि वेल्डरचं बिल यांसकट. हो म्हणाला तर उत्तमच, गाडी घरातच राहील आणि गुडघे त्याचे वापरले जातील. "अं, बघतो" म्हणाला तर रागावू नका. त्याला आठवण हवी आहे, आणि आठवणीला दरवर्षी एमओटी लागत नाही. विकण्याआधी त्याला एक दिवस बोलवा आणि फोटो काढा.

मित्राचं क्लासिकचं गणित मात्र सोडून द्या. एमएक्स-५ ही जगातली सर्वाधिक खपलेली दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार आहे, २०१६ सालीच दहा लाखांचा आकडा गाठला होता. (न्यू जर्सीतले आमचे वाचक हिला मियाटा म्हणतात आणि तिकडेही ती गल्लोगल्ली दिसते.) पहिल्या पिढीच्या, डोळे वर करणाऱ्या दिव्यांच्या मॉडेलला मागणी आहे, जपानमध्ये खुद्द माझदाने त्या मॉडेलसाठी जीर्णोद्धाराची सोय केली. तुमचं मॉडेल दुसऱ्या पिढीचं आहे, आणि त्याला भाव येईल तो न गंजलेल्या, कमी चाललेल्या गाड्यांना. वेल्डिंग केलेली ८८ हजार मैलांची गाडी चालवायला छान, गुंतवणूक म्हणून नाही. चाळीस वर्षं झाली की ब्रिटनमध्ये रोड टॅक्स आणि एमओटी माफ होऊ शकते, हे खरं आहे. पण ते २०४० नंतर, तेव्हा तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेली असेल.

लंडनचं एक बघून घ्या. तुम्ही हद्दीबाहेर राहता, पण जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना आकार लावणारा विशेष पट्टा ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण लंडनभर लागू आहे, आणि पेट्रोल गाडी युरो-४ या प्रदूषणाच्या मानकात बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड पडतात. लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की तुमच्या गाडीला लागतात की नाही ते कळतं. हॅरोच्या नातेवाइकांकडे याच गाडीने जायचं मनात असेल तर हे आधी.

भारतातल्या वाचकांसाठी मध्येच दोन शब्द. तुमच्याकडे फियाटची जुनी पॅलिओ किंवा होंडाची व्हीटेक सिटी असेल तर क्रम थोडा वेगळा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, वर पर्यावरण कर. त्याहून मोठा प्रश्न पार्टचा. स्लाऊच्या वाचकांना हवा तो पार्ट दोन दिवसांत घरी येतो. बंद पडलेल्या मॉडेलचा पार्ट आपल्याकडे कोणाच्या तरी ओळखीने भंगार बाजारातून येतो. तेव्हा इंजिन खोलायला देण्याआधी लागणारे पार्ट हातात आहेत का, ते बघा. खोललेल्या गाड्या गॅरेजच्या मागे वर्षानुवर्षं उभ्या राहतात त्या याच कारणाने.

परत तुमच्याकडे. एक तिसरा मार्ग तुम्ही लिहिला नाहीत, पण सध्या त्याच मार्गावर आहात: काहीच न ठरवणं. गाडी रस्त्यावर आणणार नाही असं कळवून टॅक्स आणि इन्शुरन्सशिवाय खासगी जागेत उभी ठेवायची सोय तिकडे आहे, आणि ती फुकट आहे. म्हणूनच धोक्याची आहे. पैसे जात नाहीत म्हणून निकड वाटत नाही, आणि दरम्यान ब्रेक धरतात, बॅटरी बसते, टायर एका जागी चपटतात, गंज तर सुट्टी घेत नाहीच. पुढच्या वर्षी २,६०० चे ३,५०० होतील आणि ५०० चे ३००. तेव्हा स्वतःला एक तारीख द्या. उघड्या टपाच्या गाड्यांना वसंत ऋतूत गिऱ्हाईक मिळतं, त्यामुळे मार्चची पहिली तारीख सोयीची आहे. भाड्याची गाडी, दुसरं इस्टिमेट, पत्नी आणि मुलगा, हे सगळं त्याआधी होतं. त्या दिवशी वेल्डरकडे गाडी गेलेली नसेल, तर त्याच दिवशी जाहिरात जाईल.

जाहिरातीत गंजाचे फोटो स्वतःहून टाका. जागा, लांबी, एमओटीचा नापास कागद, सगळं. घेणारा एमओटीचा इतिहास तुमच्याआधी वाचून येणार आहे, लपवण्यात काही मिळत नाही. उलट स्वतः वेल्डिंग करणारी हौशी मंडळी अशीच गाडी शोधत असतात, आणि नव्या क्लचची पावती त्यांना दाखवायला ती फाइल आहेच. दोष लेखी देऊन, सही घेऊन विका, कारण रस्त्यावर चालवायला योग्य नसलेली गाडी न सांगता विकणं गुन्हा ठरू शकतो. गिऱ्हाइकाने ती ट्रेलरवरून न्यावी, चालवत नको.

त्या ५०० वाल्याला आज एकच विचारा: हार्डटॉपसकट का? कारण चांगल्या स्थितीतल्या हार्डटॉपला एकट्यालाच तेवढे पैसे येऊ शकतात. तो आधी काढून वेगळा विका, गॅरेजचा एक कोपराही मोकळा होईल. कुणीच घेतली नाही आणि भंगारात द्यायची वेळ आली, तर अधिकृत केंद्रातच द्या आणि गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र घ्या. रोख पैसे देणाऱ्याकडे जाऊ नका, इंग्लंडमध्ये भंगारवाल्याने रोख देणं कायद्याने बंद आहे. आणि कुठल्याही मार्गाने गेली तरी त्याच संध्याकाळी डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला, ऑनलाइन कळवा. शिल्लक पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत मिळतो, आणि नव्या मालकाच्या वेगाचे दंड तुमच्या पत्त्यावर येत नाहीत.